इंटर्नबाई आणि उकिरडा

त्या रविवारी आम्ही नवरा-बायको तिसऱ्या, म्हणजे शिंपले, साफ करत बसलो होतो. तिची विळी तिच्यापुढे, माझी माझ्यापुढे. एक शिंप ठेवायची, दुसरी टाकायची, एवढंच काम. माझं अर्धं झालं तेव्हा तिने माझ्या टाकलेल्या शिंपांच्या कागदात हात घातला आणि चार शिंपा उचलून माझ्या नाकासमोर धरल्या. चारहींना मांस चिकटलेलं होतं. "गिरणीत पण असांच काम केलात?" मी म्हटलं, "म्हणूनच बंद पडली ती." ती हसली नाही. जेवलो. ती आडवी झाली. चारच्या सुमारास मी चहा केला, तोही तीच सांगून झोपली होती म्हणून, आणि हाक मारली. ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या. माझी बायको अशी गेली, मला शेवटची शिवी न देता. एवढी सूट तिने मला कधी दिली नव्हती.

माणसाला तोंडावरून ओळखायचं ही तिची रीत नव्हती. ती त्याचा कचरा बघायची. "माणसाचो उकिरडो बघूचो, मगे माणूस," असं तिचं म्हणणं. लालबागच्या आमच्या चाळीत डबे दारात असायचे, तेव्हा तिची चंगळ होती. समोरचे एक गृहस्थ श्रावण कडक पाळतात म्हणून गणपतीच्या मीटिंगमध्ये त्यांचा मान मोठा. हिने एका सोमवारी जाता जाता डब्यात नजर टाकली आणि घरात येऊन मला म्हणाली, "कोळंबीची सालां केळीच्या पानात बांधल्यानी म्हणान काय ती केळी होतत?" बाहेर मात्र कुणाला बोलली नाही. बघायचं ते कळण्यासाठी, बोंब मारण्यासाठी नाही, असा तिचा कायदा होता.

मला साखर निघाली तेव्हा या कायद्याचा पहिला कैदी मीच. मी बाहेर वडे खायचो आणि तेलकट कागद हुशारीने शेजारच्यांच्या डब्यात टाकायचो. आठ दिवसांत पकडला गेलो. ती म्हणाली, "त्या घरात माणसां तीन. त्यातली म्हातारी तेलकट खाणा नाय. रोज चार वड्यांचे कागद खयसून येतत?" मी चौथी शिकलेला माणूस, ती दुसरी. दोन इयत्तांचा फायदा मला आयुष्यात कधी झाला नाही.

चाळ पाडून टॉवर झाला, आम्हाला एक बेडरूम जास्तीची मिळाली आणि मुलगा पनवेलला गेल्यावर ती रिकामीच राहिली. तिथे केतकीला पेइंग गेस्ट म्हणून ठेवून घेतलं. सोलापूरची मुलगी, बोलायला गोड, समुद्र बघायचा झाला तर दादर चौपाटीपुरता. एका परदेशी संस्थेत सहा महिने इंटर्न होती. म्हणजे काय, हे मी तिला तीनदा विचारलं. झाडं, मासे, पक्षी वाचवणाऱ्या गावांना ही संस्था जगभरातून पैसा गोळा करून देते. गावं अर्ज करतात, केतकी ते वाचते, तपासते, मराठीचं इंग्रजी करते आणि वर पाठवते. कुणी खाडीत काही महिने मासे-शिंपले काढायचे नाहीत असं ठरवलं, तर तेवढे महिने घर चालायला पैसे. मी म्हटलं, "मासे न पकडायचे पैसे? मग मला पण दे. मी जन्मात एक पकडला नाही." केतकी म्हणाली, "काका, तुमचा अर्ज मी पहिल्या फेरीतच काढून टाकेन की." मला ती पोरगी तेव्हापासून आवडली. पण पोरगी फसली आहे, हे कुठलंतरी भिशीचं प्रकरण आहे, असं मी मजल्यावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

बायकोने असलं काही विचारलं नाही. तिचं माहेर मालवणकडच्या खाडीवरचं. केतकी स्वयंपाकघरात टेबलावर लॅपटॉप घेऊन अर्ज मोठ्याने वाचायची आणि ही वाटण वाटता वाटता ऐकायची. एका अर्जात लिहिलं होतं, बायका सकाळी सात ते संध्याकाळी पाच शिंपले गोळा करतात. हिने मिक्सर बंद केला. "आणि भरती? भरती काय ह्येच्या हापिसाची वेळ बघून येता? लिवणारो चिखलात कधी उतराक नाय." केतकीने चौकशी केली. अर्ज पनवेलच्या पुढे कुठल्याशा ऑफिसात बसून एकाने लिहिला होता, त्या गावातल्या बायकांना पत्ताही नव्हता.

मग रोजचंच झालं. फोटो आला की ही मागची बाजू बघायची. पुढे हसणाऱ्या बायका, पाटी, पाहुणे. ही म्हणायची, "ता नको. थय मागे भिंतीकडे काय पडलाहा ता मोठा कर." केतकी मोठं करायची. मी सोफ्यावरून ओरडायचो, "वा, वा! इंटर्नची इंटर्न! पगार किती?" हे नाव मी टिंगलीने ठेवलं आणि आमच्या मजल्यावर ते चालू पडलं. लिफ्टमध्ये लोक तिला इंटर्नबाई म्हणू लागले. तिला राग आला नाही. मला आला. चाळीस-बेचाळीस वर्षं माझ्याशी जी बाई भाव आणि भाजी सोडून बोलली नाही, असं मी समजत होतो, ती ओहोटी, खाजण, पिल्लं, पाणी यांच्यावर तासतास बोलत होती. तिला मी कधी विचारलंच नव्हतं, हे मला फार उशिरा सुचलं. तेव्हा फक्त जेवण उशिरा होतं म्हणून कुरकुरलो.

कुरकुर दाखवायची माझी पद्धतही थोर. संस्थेच्या बँकॉकच्या ऑफिसातल्या साहेबबाईंबरोबर केतकीची दर सोमवारी व्हिडिओवर मीटिंग असायची. एका सोमवारी मी मुद्दाम मधून गेलो, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, हातात दाढीचा ब्रश. साहेबबाईंनी विचारलं, हे कोण? बायको पडद्याला तोंड दाखवून म्हणाली, "ह्यो आमचो धोक्यातलो प्राणी." केतकीने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तिकडची सगळी माणसं हसली. मी आत जाऊन शर्ट घातला, पण उपयोग काय?

शेवटचा अर्ज आला तो एका खाडीवरच्या बावीस बायकांचा. शिंपले संपत चालले होते, म्हणून तीन महिने खाडीत उतरायचं नाही असं त्यांनी गावात देवासमोर गाऱ्हाणं घालून ठरवलं होतं. पण फॉर्ममध्ये एक प्रश्न रिकामा होता: कोणी उतरलं नाही हे तपासणार कसं? त्यांनी उत्तर दिलं होतं, देव बघतो. बँकॉकने कळवलं, असं चालणार नाही, सोमवारी पक्कं उत्तर द्या, नाहीतर हा अर्ज यंदा बाद. पुढच्या वर्षापर्यंत खाडीत काही उरणार नाही, हे त्या बायकांनीच लिहिलं होतं.

बायकोने त्यांच्या म्होरकीला फोन लावला, पार्वतीबाई तिचं नाव. तासभर दोघी बोलल्या. मग केतकीला म्हणाली, "खाडयेत कोण उतरला ता बघूक खाडयेर कित्याक जाऊचा? घरामागे जावा. शिंपे थयच टाकतत. ताज्या शिंप्याक वास येता, माश्यो बसतत. जुनो शिंपो पांढरोफट्ट. पंधरा दिवसांनी एकमेकींचो उकिरडो एकमेकींनी बघूचो. पार्वती तयार आसा." केतकी तिच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मावशी, हे सोमवारी तुम्हीच सांगा." हिने शनिवारी पोपटी साडी इस्त्रीला दिली. रविवारी संध्याकाळी भोईवाड्याच्या स्मशानात नेताना तिला तीच नेसवली.

सोमवारी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. केतकी बेडरूमच्या दारात उभी. डोळे सुजलेले. हळूच म्हणाली, "काका, मी मीटिंग रद्द करायला सांगते." मी विचारलं, "अर्जाचं काय?" मी उठलो, शर्ट घातला आणि तिच्या लॅपटॉपसमोर बसलो. माझा धाकटा भाऊ आत येऊन म्हणाला, "दादा, लोक बसलेत बाहेर. सुतक आहे. हे काय?" मी म्हटलं, "लोकांना चहा दे."

साहेबबाई दिसल्या. केतकीने त्यांना सांगितलं असावं, कारण त्यांनी हात जोडले. मी उकिरड्याचं सगळं सांगितलं. नीट सांगितलं की नाही, देव जाणे. वास, माश्या, पांढऱ्या शिंपा, पंधरा दिवस. केतकी इंग्रजी करत होती आणि मध्ये मध्ये नाक पुसत होती. साहेबबाईंनी लिहून घेतलं, म्हणाल्या, चांगलं आहे, चालेल. मग त्यांनी अजून एक विचारलं. एखाद्या घरात खायलाच काही नाही आणि ती बाई उतरली, उकिरड्यात ताजी शिंप सापडली, तर काय? पैसे तिचे थांबवायचे, की बावीस जणींचे?

मी तोंड उघडलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर असतं, सगळी चाळ याची साक्षीदार आहे. पण गिरणीच्या संपाच्या वर्षी आमच्या खात्यातला एक जण कामावर गेला होता, तो आठवला. आम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं, त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलो नाही. त्याच्या घरात काय शिजत होतं, हे कुणी बघितलं नाही. मीही नाही. साहेबबाई वाट बघत होत्या. मी म्हटलं, "आमच्या हिला विचारून सांगतो."

केतकीने त्याचं इंग्रजी केलं नाही. मग तिनेच काहीतरी सांगितलं आणि साहेबबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत कळवा.

बायकोचा फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता, तिनेच लावलेला. मी तो काढून घेतला. पार्वतीबाईचा नंबर सगळ्यात वर होता. तो दाबला आणि बाहेर भाऊ कुणालातरी सांगत होता की दादांच्या डोक्यावर परिणाम झालाय, ते ऐकत उभा राहिलो. तिकडे फोन उचलला. पाठीमागे कोंबड्या ओरडत होत्या.

"बोल गो बाय," पार्वतीबाई म्हणाली.

मी आधी प्रश्न विचारला. बाकीचं मग सांगितलं.