त्रेपन्न मोडक्या छत्र्या

मामाचे हात स्वस्थ बसतील तर शपथ! मोडकं काही दिसलं की हात पक्कडीकडे गेलाच म्हणून समजा. तीस वर्षं छत्र्या दुरुस्त करून पोट भरलेला माणूस. आताशा लोक छत्री मोडली की सरळ नवी घेतात, त्यामुळे मामा दुकानात माश्या मारत बसायचा. अशा माणसाकडे त्रेपन्न मोडक्या छत्र्या टाकायच्या आणि चार दिवस फिरकायचं नाही, याला काय म्हणावं? भाचीने नेमकं तेच केलं.

ती चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. दारोदार फिरून टाकून दिलेल्या छत्र्या तिने गोळा केल्या होत्या. नाना तऱ्हांनी मोडलेल्या त्या छत्र्या कॉलेजच्या जिन्यावर छताला टांगायच्या, ही तिची परीक्षेची कलाकृती. घरात जागा नव्हती. "मामा, सांभाळ हं," एवढंच म्हणाली आणि तिकडे तारा बांधायला पळाली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आठला ती टेम्पो घेऊन आली. बघते तर काय, त्रेपन्नच्या त्रेपन्न छत्र्या भिंतीशी ओळीने उभ्या. ताठ, धडधाकट!

"मामा! अरे, हे काय करून ठेवलंस?"

"अगं, दोन छत्र्यांना तर नवी मूठही बसवली," मामा तोंडभर हसत म्हणाला.

भाचीने मटकन बसून भोकाडच पसरलं. बारा वाजता परीक्षक येणार, आणि छत्र्यांचं मोडकेपण हीच तर तिची सगळी कमाई! हे कळल्यावर मामाचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात भाचीने एक छत्री उचलून रागारागाने गुडघ्यावर वाकवली.

"थांब, थांब! अशी कुठे मोडते छत्री?" मामाला राहवेना. "ही दारात चेंगरली होती. काडी इथून दुमडलेली. चल, मी येतो."

कॉलेजच्या जिन्याच्या पायथ्याशी तो बसला. पहिल्या काडीला पक्कड लावली खरी, पण चांगली छत्री मोडायचं त्याच्या अगदी जिवावर आलं. त्याने भाचीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि काडी वाकवली. पुढे मात्र हात सुटला. कुठली वाऱ्याने उलटली, कुठलीवर कोणी बसलं, कुठली घेऊन पोरं तलवारी खेळली, सगळं त्याला तोंडपाठ. तो मोडत गेला, भाची आणि तिच्या मैत्रिणी टांगत गेल्या.

परीक्षक बाई मान वर करून जिना चढल्या आणि मध्येच थबकल्या. "ही दारात अडकलेली ना? अहो, माझीही अगदी अशीच गेली!" आणि स्वतःच्या छत्रीची हकीकतच सांगत बसल्या. भाचीचा जीव भांड्यात पडला. पास तर झालीच, वर पहिली आली.

संध्याकाळी प्रदर्शन उघडलं, तेव्हा भिंतीवरच्या पाटीवर भाचीच्या नावाखाली आणखी एक ओळ होती. मोडतोड : मामा.

मामाने चष्मा पुसून ती दोनदा वाचली. डोळ्यांत पाणी, आणि हसू तर आवरेचना.

"बघा लेको," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला, "तीस वर्षं दुरुस्ती केली, कोणी विचारलं नाही. एक सकाळ मोडतोड केली, तर भिंतीवर नाव लागलं!"