पिवळ्या दोऱ्याची नळी

दोरेमामा कुठलीही वस्तू उघडण्याआधी तिला दोरे बांधत. मिक्सर असो, शिलाई मशीन असो की बाथरूमचा नळ, पाना हातात घेण्याआधी ते मामींच्या टोपलीजवळ जाऊन बसायचे. मामी मखमलाबादच्या मळेवाल्यांच्या घरातल्या. लग्नानंतरही त्या घरी हार ओवून देत, आणि हारांच्या गोंड्यांसाठी त्यांच्या टोपलीत रंगीत दोऱ्यांची रिळं असत. जिथून जे सुटणार, त्या दोन्ही जागी मामा एकाच रंगाचा दोरा बांधून ठेवत. त्यांचं खरं नाव आम्हा भाचरांपैकी निम्म्यांना लग्नपत्रिकेवर वाचून कळलं.

"सोडणं कुणालाही जमतं. परत जोडायचंय हे सोडतानाच ध्यानात ठेवावं लागतं," असं ते म्हणत. मनमाडला रेल्वेत सगळी नोकरी झाली, तिथे ही सवय लागली असं त्यांचं म्हणणं. मामी सांगत की लहानपणी यांनी आजोबांचं घड्याळ खोललं होतं आणि ते पुन्हा कधी चाललं नाही. दोन्ही खरं असेल.

माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत होती. एकदा माझ्या आईशी, म्हणजे सख्ख्या बहिणीशी, कडाक्याचं भांडून ते तरातरा निघून गेले, पण छत्री आमच्या दारामागेच राहिली. आई म्हणाली, येईल आठवड्याभरात. आले, छत्री मागितली, आणि चहा पिऊन जेवूनच गेले. मामा रागाच्या भरात छत्री विसरत नसत, ठेवून जात, हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्तीनंतर ते इंदिरानगरला आले ते बगळीला घेऊन. बगळी म्हणजे त्यांची दुधी रंगाची जुनी मोटार. मामींचे गुडघे गेल्यापासून रिक्षात चढणं त्यांना जमेना, बगळीत मात्र त्या आरामात बसत. दर दसऱ्याला भावाला सोनं द्यायला त्या हिच्यातूनच माहेरी जात. एका पावसाळ्यात बगळीच्या इंजिनाने राम म्हटला. त्याच वर्षी मामींचा भाऊ अंथरुणाला खिळला आणि त्याची नजरही गेली. दुसरी गाडी करू म्हटलं, तर मामी म्हणाल्या, "त्याला आता दिसत नाय. बगळीचा आवाज तेवढा ओळखतो." मामांना तेवढं पुरलं. मालेगावला भंगारात निघालेल्या तसल्याच एका गाडीचं इंजिन त्यांनी मिळवलं.

माझ्या बँकेला सुट्टी असली की मी मामांच्या हाताशी पाने द्यायला जायची. नवं इंजिन बसलं, जुना कार्बोरेटर त्यावर चढला. खंडेनवमीच्या सकाळी फक्त नळ्या जोडायच्या राहिल्या होत्या. प्रत्येक नळीला आणि ती जिथे जाणार त्या जागेला दोरा होता. नळ्या आवळायच्या क्लिपा आणायला मी आणि मामा बाहेर पडलो. परत येऊन बघतो तर मामींनी इंजिनाची पूजा केलेली. ओल्या फडक्याने सगळं लख्ख पुसलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, कार्बोरेटरवर झेंडूची माळ. आणि तेलकट चिंध्या देवाच्या कामात नकोत म्हणून सगळे दोरे सोडून टाकलेले.

मामा म्हणाले, "छान केलंस." आत जाता जाता त्यांनी मला बजावलं की तिला यातलं एक अक्षर कळता कामा नये. तिने भावासाठी पूजा केलीय.

मग आमची परीक्षा सुरू झाली. पेट्रोलची नळी वासावरून सापडली. जाड नळी एकाच ठिकाणी बसण्यासारखी होती. राहिल्या दोन बारीक, अगदी सारख्या दिसणाऱ्या, आणि नव्या इंजिनावर त्यांच्यासाठी तोंडं मात्र जास्तच. दिवसभर आम्ही अदलाबदल करत राहिलो. बगळी सुरू व्हायची, थरथरायची आणि बंद पडायची. दसऱ्याच्या सकाळी मामांनी कार्बोरेटरच्या बुडाशी असलेल्या एका उघड्या तोंडावर अंगठा दाबला, आणि इंजिन एकदम शांत झालं. अंगठा काढला की पुन्हा थरथर. इथून ती हवा खातेय हे कळलं, पण इथली नळी दुसऱ्या टोकाला कुठे जाते ते कळेना. अंगठा दाबून ते तसेच वाकून उभे राहिले. त्या वेळी त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

मामी चहा घेऊन आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तिथं पिवळा होता. त्याचा जोडीदार खाली, त्या गोल डबीला. माझ्याच हातानं सोडलेत, गाठ लय घट्ट होती."

"मग कालपासून बोलली का नाहीस?"

"तुम्ही इचारलं का?"

मामा हसले, पण डोळे पुसतच. नळी लागली, मामांनी सगळे दोरे पुन्हा बांधले आणि बगळी सुरू झाली. मळ्याचं फाटक यायच्या आधीच पडवीतल्या खाटेवरून मामींचा भाऊ म्हणाला, "आली." त्याने ओळखला तो आवाज नव्या इंजिनाचा होता की जुन्या हॉर्नचा, कोण जाणे. मामींनी त्याच्या हातात सोनं दिलं आणि बराच वेळ तो हात सोडला नाही.

पुढे मामांच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. मामींनी टोपलीतला पिवळा दोरा त्यांच्या मनगटाला बांधला, तसाच एक स्वतःच्या. "उघडणार ना तुम्हाला, मग खूण नको?" नर्सने आत नेण्याआधी हातातलं सगळं काढायला सांगितलं. मामींनी तो दोरा सोडला. मामा म्हणाले, "कुठला कुठे, ध्यानात ठेव." ते परत आले नाहीत.

आता बगळी मी चालवते. खंडेनवमीला मामी कळकट दोऱ्यांवरच हळदकुंकू वाहतात, एकही सोडत नाहीत. यंदा डबीकडचा पिवळा दोरा झिजून तुटला. नवा आणते म्हटलं, तर त्यांनी पदराची गाठ सोडून मामांच्या मनगटाचा दोरा काढला. वाकायला गुडघे साथ देत नव्हते, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि गाठ स्वतः मारली, लय घट्ट. मग मला म्हणाल्या, "चालू कर, आवाज ऐकू दे."