ज्येष्ठमध आणि वॉल्टरसाहेबांचा गळा

गाण्याच्या भानगडीत मी आयुष्यात एकदाच पडलो, आणि तेही दुसऱ्याच्या गळ्यावरून. चहा निवेपर्यंत सांगून होईल, ऐका.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. कुवेतला फहाहील गावाच्या पुढे वाळवंटात आमचा तेलविहिरी खोदणाऱ्यांचा कँप होता. मी तिथे स्टोअरकीपर. सगळे मला भाऊ म्हणत. मेसमध्ये स्वयंपाकाला दाऊदचाचा, रत्नागिरीकडचे. वयानं सगळ्यांत मोठे, त्यामुळे साहेबलोकांनाही दटावणारे. आणि ड्रिलर होते वॉल्टरसाहेब. अमेरिकन, दारातून वाकून येणारे, हात फावड्याएवढे. पण संध्याकाळी जेवण झालं की गिटार घेऊन मेसच्या पायरीवर बसत आणि गावाकडची गाणी म्हणत. त्या गाण्याला तिकडे 'कंट्री' म्हणतात. शेत, ट्रक, सोडून गेलेली बाई, असा मामला. गाणी स्वतःच रचायचे. पूर्वी हॉटेलांतून गायलेही होते, पण पोट भरेना म्हणून इकडे आले.

आता त्यांच्या गाण्यात एक दोष होता. म्हणजे आम्हाला तो दोष वाटला, तिथूनच सगळं सुरू झालं. एक गाणं ते रोज म्हणत. त्यात 'घर' हा शब्द आला, की आवाज वर जाता जाता मोडायचा. चांगला भरलेला आवाज, आणि नेमका तिथे कडकन तुटायचा. रोज. त्याच जागी.

"घसा खराब हाय त्याचा," दाऊदचाचा म्हणाले.

"धुळीनं असेल."

"धुळीनं कसला? बर्फाचं पाणी पितो बैलासारखा. भाऊ, मना ज्येष्ठमध काढून दे तुझ्याकडचा."

माझ्याकडे ज्येष्ठमध होता, मुंबईच्या बोटीनं आलेला. हौस म्हणून नाही, गरज पडते म्हणून मी असल्या गोष्टी डब्यांवर नावं लिहून ठेवतो. तर ज्येष्ठमध, सुंठ, मिरी, लवंग, असा काढा चाचा रोज संध्याकाळी पेल्यातून साहेबांपुढे ठेवू लागले. साहेब भला माणूस. पहिल्या घोटाला डोळे पांढरे केले, पण पेला संपवला.

"हे कशासाठी?" त्यांनी मला विचारलं.

"गाण्यासाठी चांगलं असतं, साहेब."

हे खरंच होतं की नाही, तुम्हीच सांगा. पुढे मिठाच्या गुळण्या आल्या, हळदीचं दूध आलं, बर्फाची पेटी चाचांनी स्वतःच्या ताब्यात घेतली. साहेबांना वाटलं, हिंदुस्थानात गवयांचा असाच मान ठेवतात. आणि गुण आला हो! आवाज असा गुळगुळीत झाला, की साजूक तूप. 'घर' शब्दावरून अलगद घसरत पार जायचा. आम्ही दोघं डॉक्टरसारखे एकमेकांकडे बघायचो.

साहेब त्या दिवसांत स्वतःच्या गाण्याकडे लक्ष देऊन ऐकत नव्हते, कारण डोक्यात दुसरंच होतं. त्यांचा एक मित्र शुक्रवारी रजेवर अमेरिकेला निघाला होता. तिकडे रेकॉर्डी काढणारा कोणी ओळखीचा होता, त्याला गाणं फितीवर भरून ऐकवायचं कबूल झालं होतं. जमलं तर साहेब गाणारे होणार. नाही तर विहिरीवर पुन्हा करार, आणि वय काही थांबत नाही.

शुक्रवारी सकाळी माझ्या स्टोअरमध्ये बंदोबस्त झाला. आवाज घुमू नये म्हणून साहेबांनी स्वतः भिंतींना कांबळी टांगली, पंखा बंद केला, टेपरेकॉर्डर पिंपावर ठेवला. गायले. मग फीत मागे फिरवून ऐकली.

पुन्हा मागे फिरवली, पुन्हा ऐकली.

"हा कोण गातोय?" ते म्हणाले.

"तुम्हीच, साहेब. सुरेख झालंय."

"सुरेख आहे. पण कोणीही असेल. माझा आवाज मोडत कसा नाही?"

मी छाती पुढे काढून सांगितलं, "नाही मोडत. आम्ही बरा केला."

मग त्यांनी पिंपावर बसून समजावलं. आवाज तिथे मोडायलाच हवा. त्यांचे वडील तसं गात. लोक तेवढ्यासाठीच ऐकत. सगळ्या आयुष्यात कमावलेलं ते एकच होतं. रागावले नाहीत, हेच वाईट.

मी चाचांना मराठीत सांगितलं.

"म्हणजे मुद्दाम फाडायचा?"

"मुद्दाम."

"मग आधी नाय बोलायचं? ज्येष्ठमध फुकट गेला ना सगळा."

मित्राची गाडी फीत न्यायला दुपारी येणार होती. आता गळा बिघडवायचा. चाचांनी बर्फाची पेटी उघडून दिली. साहेबांना वाऱ्याकडे तोंड करून उभं केलं आणि लांबच्या विहिरीवरच्या माणसांना हाका मारायला लावल्या. ती माणसं कामं टाकून धावत आली, त्यांना परत पाठवावं लागलं. तरी आवाज तुपासारखाच. शेवटी चाचांनी घरून आलेल्या कैरीच्या लोणच्याची बरणी काढली. साहेबांनी चमचाभर तोंडात घातलं, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी.

"आता गा," चाचा म्हणाले. "लवकर."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. स्टोअरमध्ये टेप सुरू करून साहेब गायले. 'घर' आलं, आवाज वर गेला, आणि मोडला. इतके दिवस मी त्या जागी घसा ऐकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा घर ऐकलं, आणि माझ्या तोंडून गेलं, "च्च."

मायक्रोफोन साहेबांपुढे मीच धरला होता, माझ्या हनुवटीजवळ. चाचांनी असं पाहिलं, की मी अजून विसरलो नाही.

पुन्हा गायला वेळ नव्हता. फीत गेली.  एका माणसाची गाडी रुळावर येत होती, आणि मी मधे जीभ घातली, हे कोणाला सांगणार?

पण साहेबांना बोलावणं आलं. ते गेले, पुढे स्वतःचा स्टुडिओ काढून दुसऱ्यांचीही गाणी बसवू लागले. वर्षभरानं तोच मित्र माझ्यासाठी त्यांची तबकडी घेऊन आला. म्हणाला, "त्यांनी तिकडे चांगल्या यंत्रावर पुन्हा करून पाहिलं. पण पहिली फीत ऐकलेला जो तो विचारायचा, मधे हळहळणारा तो माणूस कुठे गेला? शेवटी तुमच्या स्टोअरमधलीच फीत छापली."

म्हणजे अमेरिकेच्या रेकॉर्डवर माझा आवाज आहे. रजेवर घरी गेलो तेव्हा शेजाऱ्यांचा ग्रामोफोन मागून आणला, बायकोला समोर बसवलं, आणि आधी काहीच सांगितलं नाही. म्हटलं, बघू तिला कळतं का. गाणं सुरू झालं. ती जागा आली. च्च.

"हे तुम्ही," ती लगेच म्हणाली.

मी खूश. "कसं ओळखलंस?"

"मी माहेरचं काही सांगायला लागले, की मधेच अस्संच करता. आणि मग माझं राहतं ते राहतंच. निदान त्या बिचाऱ्याचं तरी पुरं ऐकायचं होतंत."

यावर माझ्या तोंडून काय निघणार होतं, ते तुम्हाला कळलंच असेल. दातांत जीभ धरून बसलो.