सिस्टरबाई घरी आल्या तेव्हा

"आधी जिवंत राहा, शहाणपण मागाहून येईल," असं सिस्टरबाई ज्याला त्याला सांगायच्या. नव्याला सांगायच्या, जुन्याला सांगायच्या. कुणी मान खाली घालून उभा राहिला, तर त्याच्या हनुवटीला बोट लावून सांगायच्या.

तीस वर्षं बाळंतिणींच्या खोलीत काढलेली ही बाई. निवृत्तीनंतर दवाखान्याच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी बसू लागली. सुईच्या नशेत रुतलेली माणसं रोज सकाळी तिथं यायची. सिस्टरबाई गोळी खलात कुटायच्या आणि ती पूड त्यांच्या जिभेखाली ठेवायच्या. विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही. त्या पुडीनं अंगाची तडफड थांबायची आणि माणूस सुईकडे न जाता कामाच्या वाटेला लागायचा.

एका वेल्डरची बायको दोन वर्षं नवऱ्याला तिथं आणत होती. पहिल्या दिवशी लाजेनं तिचं डोकं वर होत नव्हतं. सिस्टरबाई तिला म्हणाल्या, "अगं, बघून घे. नवरा दहा मिनिटं मुका बसलेला दुसरीकडं कुठं बघायला मिळायचा नाही." ती हसली. घरात तिला हसून वर्ष झालं होतं.

मधे दोनदा वेल्डरचा पाय घसरला. सिस्टरबाईंनी त्याला ना हाकललं, ना उपदेश केला. जुनी सुई डब्यात टाकायला लावली, निदान रोग तरी लागू नये म्हणून कोरी सुई हातात दिली आणि उद्या ये म्हणाल्या. बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वेल्डर दुसऱ्या दिवशी खरंच गेला, तेव्हा तिला उमगलं की दार उघडं होतं म्हणूनच तो परत जाऊ शकला.

तिच्या थोरल्या दिरांना मात्र हे कधीच पटलं नाही. गोळीला ते सरकारी खुराक म्हणत, एक नशा सोडून दुसरी. एके दिवशी त्यांनी भावाला गावाबाहेरच्या व्यसन सोडवणाऱ्या आश्रमात नेऊन घातलं. तिथं ना गोळी, ना सुई, बाहेरून कुलूप. चाळीस दिवसांनी वेल्डर परत आला तो गालावर मांस आणि डोळ्यांत चमक घेऊन. घर फुलून गेलं. दिरांची मान ताठ झाली, आणि का होऊ नये? भावाला त्यांनी लेकरासारखं वाढवलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरबाई चालत घरी आल्या. पाणी प्यायल्या, वेल्डरच्या गालांचं कौतुक केलं. मग पिशवीतून एक छोटा डबा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"हे श्वास परत आणणारं इंजेक्शन," त्या बायकोला म्हणाल्या. "कधी ओठ निळे पडले, हाक मारून उठला नाही, तर मांडीत द्यायचं आणि दवाखान्याला कळवायचं. मी शिकवते."

"बाई," दीर म्हणाले, "आमच्या घरात आनंद चाललाय आणि तुम्ही मरणाच्या गोष्टी घेऊन आलात?"

"मी सुटलो हो आता," वेल्डर हसत म्हणाला.

"सुटलास म्हणूनच आले. अंगाची सवय मोडलीय तुझी. पूर्वी जेवढं पचायचं, त्याच्या निम्म्यानंही आता श्वास थांबेल."

वेल्डरचं हसू ओठांवरच राहिलं. "निम्म्यानंसुद्धा?" त्यानं हळूच विचारलं.

दीर इंजेक्शनाच्या डब्याकडे रागानं बघत होते; त्यांनी ते ऐकलं नाही. बायकोनं ऐकलं. ज्याच्या मनात तो हिशेब चालू नाही, तो माणूस असं विचारत नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. सिस्टरबाईंनाही कळलं असावं, कारण त्यांनी तिच्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं.

तिनं डब्याकडे हात नेला. दिरांनी डब्यावर आपला पंजा ठेवला आणि तो सिस्टरबाईंकडे सरकवला. ओरडले नाहीत. उलट अगदी समजुतीनं म्हणाले, "हे घरात ठेवायचं म्हणजे त्याच्यावर आमचा भरवसा नाही, असं त्याला रोज सांगायचं."

आता बोलावं, असं तिला वाटलं. पण काय बोलणार? नवऱ्यानं नुसता एक शब्द विचारला, म्हणून त्याला सगळ्यांदेखत चोर ठरवायचं? चाळीस दिवसांनी ताठ बसलेल्या माणसाला? नवरा खाली बघत होता. तिचा हात टेबलाच्या कडेवरच राहिला.

सिस्टरबाईंनी वेल्डरला सकाळी पूर्वीसारखं दवाखान्यामागं यायला सांगितलं. दादाला विचारतो, म्हणाला तो. मग त्यांनी डबा पिशवीत ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

बायको स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. सिस्टरबाई रस्त्याच्या कडेनं, एक पाय जरा ओढत चालल्या होत्या. सायकलच्या दुकानापाशी थांबून त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मागच्या खोलीत दीर काहीतरी गमतीचं सांगत होते आणि नवरा हसत होता. ती गजांना धरून उभी राहिली. सिस्टरबाई वळणावर गेल्या, मग दिसेनाशा झाल्या.