साडूंची चालती खुर्ची

जगात आजवर जेवढे जावई झाले, त्यांत सासुरवाडीला जाण्यासाठी स्वतंत्र यंत्राचा शोध लावणारे माझे थोरले साडू हे पहिले आणि बहुधा शेवटचेच. पुलगावच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवत, पण जीव जडला होता पायांवर. माणसाच्या तोंडाकडे क्वचितच बघत. दारात शेळी आली की तिच्यामागून दोन गल्ल्या जात. माझ्या लग्नात तर ऐन पंगतीच्या वेळी हे मांडवात रांगत होते! "भाऊजी, काही हरवलं का?" मी मुंडावळ्या सावरत विचारलं. वर न बघताच म्हणाले, "सांगा बरं, बैल आधी कोनता पाय उचलते?" दोन बैलजोड्या बाळगणारे सासरेही विचारात पडले आणि वाढप्याच्या हातातली जिलबी हातातच राहिली.

या वेडामागचं कारण मला पुढे कळलं. आमची सासुरवाडी हिंगणीपलीकडच्या एका खेड्यात, आणि वाटेत नाला. थोरल्या मेव्हणीचा एक पाय लहानपणी पोलिओनं अधू झालेला. पावसाळ्यात काळ्या चिखलात बैलबंडी रुतली, की तिला कुणाच्या तरी पाठीवर बसून पलीकडे जावं लागे. ते तिला फार झोंबायचं. शेवटी तिनं पोळ्याला माहेरी जाणंच सोडलं. साडूंनी मग कंबर कसली. भंगारवाल्याकडून ट्रकच्या वायपरच्या मोटारी आणल्या, ट्रॅक्टरची बॅटरी आणली, आणि दोनेक वर्षं खपून लोखंडी खुर्चीला चार पाय बसवले. प्रत्येक पायाच्या तळाशी मोपेडचं चाक. सडकेवर चाकं फिरवायची. चिखल आला की चाकं जाम करून एकेक पाय उचलत चालायचं. लांब वायरीला बांधलेल्या खटक्यांची पेटी साडूंच्या गळ्यात.

पोळ्याच्या दिवशी मेव्हणी नव्या लुगड्यात खुर्चीवर बसली. सडकेवर स्वारी झोकात निघाली. नाल्यात मात्र पहिला पाय उचलताच खुर्ची त्याच बाजूला कलली आणि म्हशीसारखी चिखलात बसली. काठावर गाव हसायला लागलं. साडूंचा चेहरा बघवेना. मी मेव्हणीला धरायला धावलो.

"थांबा," ती म्हणाली. मग नवऱ्याला, "अहो, पाय उचलाच्या आधी अंग दुसऱ्या बाजूले टाका लागते. मी तर जनमभर तशीच चालून राह्यली. मी झुकतो, मंग दाबा तुमी खटका."

ती झुकली, त्यांनी खटका दाबला. पाय सुटला, पुढे पडला. "आता मांगचा!" साडू ओरडले. झुकत, डुलत, गुडघाभर चिखल तुडवत दोघं पलीकडे पोचली. साडू आनंदानं इतक्या उड्या मारत होते, की शेवटी त्यांनाच चिखलातून ओढून काढावं लागलं. सासूबाई आरती घेऊन आल्या आणि कुणाला ओवाळावं ते न सुचून त्यांनी आधी खुर्चीलाच कुंकू लावलं.

पुढे नाल्यावर पूल झाला, बस थेट गावात जाऊ लागली. साडूंनाही आनंद झालाच असावा. तो चेहऱ्यावर यायला जरा वेळ लागला, इतकंच. मी एकदा भीतभीत विचारलं, "आता खुर्ची मोडायची का?"

"काऊन? तुमची साळी म्हनते, बसमंदी खिडकी भेटत नाई."

मग रविवारी संध्याकाळी मेव्हणी तुरीच्या शेंगा सोलायला सूप मांडीवर घेऊन खुर्चीत बसे आणि ते तिला अंगणात एक चक्कर मारून आणत. अंगण ते केवढं! पण तुळशीपाशी वळताना ती अशी इकडेतिकडे बघायची, जणू एखादं नवंच गाव लागलंय.