कस्तुरानं बांधून दिलेल्या शेंगापोळ्या

माझी सून कस्तुरा वीस-बावीस वर्षं उजनीच्या पाण्याकाठी नांदतेय, पण होडीत बसायचं म्हटलं की पदर आवळून डोळेच मिटते. तिच्याच पोटची सोनाली मात्र होडी वल्हवायच्या परदेशी स्पर्धेला गेली! या खेळात पाठमोरं बसून वल्हवतात. माढ्याचा एक पाव्हणा तिचा सराव बघून मला म्हणाला, "आबा, पोरगी उलटीच चाललीय की!" तो किस्सा मोठा आहे, पण आज कस्तुराचं सांगतो.

जायच्या आधी सोनाली घरी आली. आल्या आल्या आईला बजावलं, "माझा गट हलक्या वजनाचा हाय. काटा वर गेला की शर्यतीत उतरूच देत न्हाईत."

"गालाची हाडं वर आल्यात," कस्तुरा म्हणाली. "कसला मेला खेळ, लेकराला उपाशी मारणारा!"

अन् निघताना तिनं बॅगेत, कपड्यांच्या खाली, शेंगदाणा-गुळाच्या शेंगापोळ्यांचा डबा सरकवला. सोबत तुपाची बाटली.

तिकडं जेवण बेचव. पोरीनं डबा उघडला अन् हात थांबला नाही. शर्यतीच्या सकाळी वजन जास्त भरलं. मग दोन स्वेटर चढवून उन्हात पळाली, घाम गाळून काटा खाली आणला. शर्यतीत उतरू दिलं, पण शेवटाला हात गळाले. चौथी आली. हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं, तेव्हा कस्तुरा शेजारीच उभी होती.

ती परतली तशी गावानं हलगी लावून मिरवणूक काढली. चौथी म्हणजे काय थोडं झालं? मी तर फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं! कस्तुरा दारातसुद्धा आली नाही. "तुझा काय दोष, कस्तुरा?" असं आम्ही म्हणायचो, तशी ती उठून चुलीपाशी जायची. लेकीला वाढताना तिचा हात मध्येच अडायचा.

एका दुपारी ताट तसंच धरून तिनं सोनालीला विचारलं, "खरं सांग, माझ्यामुळं पदक गेलं न्हवं?"

मी खाकरलो, नाही म्हण म्हणून सोनालीला खुणावलं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

"व्हय, आई. तुझ्यामुळं बी अन् माझ्यामुळं बी. मला ठावं हुतं, तरी खाल्लं की."

कस्तुरा ढसाढसा रडली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "आता तूच सांग, किती वाढू?"

सोनालीनं ताटात बोटानं जागा दाखवली. कस्तुरानं तेवढंच वाढलं. मला मात्र विचारलं नाही. माझं ताट काठोकाठ भरून टाकलं.