कुंदावहिनींचा एका शिट्टीचा पास्ता

कुंदावहिनींशी माझं शेवटचं नीट बोलणं झालं ते यादीवरून. आमच्या गावच्या कबड्डी स्पर्धेला बाहेरून संघ येतात, त्यातला कोणता संघ कुणाच्या घरी जेवणार याची ती यादी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते काम माझ्याकडे आहे. वहिनी महिनाभर अंथरुणाला खिळून होत्या, पोटात अन्न ठरत नव्हतं, आवाज पार खोल गेला होता. मी औषध द्यायला वाकलो तर म्हणाल्या, "भाऊजी, यंदा आपल्या घराचं नाव खोडाल. खोडू नका." मी म्हटलं, आधी बऱ्या तर व्हा. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली. "मी बरी होईन का न्हाय ते सोडा. पोरं येतील, ती आपल्या दारातून उपाशी जाता कामा नयेत." मी हो म्हटलं. आजारी माणसाला हो म्हणायला आपलं काय जातं, असंच तेव्हा मनात होतं... पाचव्या दिवशी सकाळी दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर हात आपटला आणि मला काय ते कळलं. त्याला आता सात आठवडे झाले.

मी लग्न केलं नाही. भिंतीच्या अलीकडे माझी झोपायची खोली आणि पुस्तकं, पलीकडे दादा-वहिनींचं घर, आणि एकतीस वर्षं माझं ताट पलीकडे. इतकी वर्षं ज्यांच्या हातचं खाल्लं त्यांच्याबद्दल लिहायचं तर वरण, सोलकढी, भरलं पापलेट असं काहीतरी आठवायला हवं. मला आठवतो तो पास्ता. आधीच सांगून टाकतो, मी या पदार्थाचा उघड शत्रू होतो. उघड.

नागावात आमच्या आळीची एक जुनी पद्धत आहे. भात झोडून झालं की स्पर्धा होतात, लांबचे संघ सकाळी टेम्पोनं येतात आणि एकेका घरी एकेक संघ जेवतो. ज्या घरी संघ जेवला त्या घरच्यांनी सामन्याला त्याच संघाच्या मागे बसायचं, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. मग तो संघ कुठलाही असो. आठ-नऊ वर्षांपूर्वी आमच्या वाट्याला म्हसळ्याच्या बाजूचा एक संघ आला. वहिनींनी पहाटेपासून भात, डाळ, सुकटीचं कालवण करून ठेवलं होतं. आणि वाटेत टेम्पो बंद पडून पोरं आली ती दुपारी अडीचला, सामना चारचा. कर्णधार रुपेश, विशीतला, हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "काकी, आता भात न्हाय चालायचा. भात खाल्ला का डोळा लागतो." नुसती केळी द्या म्हणाला. वहिनींचा चेहरा असा उतरला की मला रुपेशचाच राग आला. केळ्यांवर चौदा पोरं मैदानात धाडायची, हे त्यांच्या माहेरी-सासरी कुठेच बसणारं नव्हतं.

आमच्या घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. त्या आठवड्यात उतरलेलं मुंबईचं एक कुटुंब जाताना पास्त्याची चार पाकिटं विसरून गेलं होतं, ती फ्रीजवर पडली होती. वहिनींनी ती काढली आणि मागची बारीक इंग्रजी अक्षरं माझ्याकडून वाचून घेतली. मी नाक मुरडत वाचलं की भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी काढून टाका. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "पेज फेकायची?" त्यांनी विचारलं. भाताची पेज ज्या घरात मिठाचा खडा टाकून पितात तिथे शिजवणाचं पाणी मोरीत ओतायचं, हे त्यांना काही केल्या पटेना. त्यांनी पाकिटाची सूचना तिथेच रद्द केली आणि मोठा कुकर खाली काढला. मग जे केलं ते जन्मभर भात केलेल्या बाईनंच करावं. त्या नळ्या त्यांनी तीन पाण्यांनी चोळून धुतल्या, थोडा वेळ भिजत घातल्या, वर दोन पेरं पाणी ठेवलं आणि तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर आत खळ. पोस्टरं चिकटवावीत इतकी घट्ट. मी मनातून खूश झालो, हे आज कबूल करतो. वहिनी मात्र जराही डगमगल्या नाहीत. पांढरा कांदा, ठेचलेला लसूण, घरचा मसाला, दोन आमसुलं आणि भाजलेली सुकट अशी खरपूस फोडणी त्यांनी त्या खळीवर ओतली, पळीनं घोटली आणि वाट्यांतून वाढली. चौदा पोरांनी कुकर बोटांनी पुसून खाल्ला. त्या दिवशी ते दोन सामने जिंकले.

पुढचा पावसाळाभर आमच्या स्वयंपाकघरात प्रयोग चालले. दादा हे प्रयोगाचं जनावर, तो काहीही निमूट खातो. दोन शिट्ट्या झाल्या, दीड झाली, आणि शेवटी वहिनींचं ठरलं. कांदा-लसूण कुकरमध्येच परतायचं, मसाला, आमसूल, सुकट, मग पास्ता, न धुता. पाणी बरोबर त्याच्या डोक्याइतकं. "बुडायला पायजे, पोहायला नको," हे त्यांचं माप. मोठ्या आचेवर एकच शिट्टी, की गॅस बंद, आणि पळीच्या दांड्यानं शिट्टी उचलून वाफ सोडून द्यायची. ज्या पोरांचा मासळीचा वार नसेल त्यांच्यासाठी छोट्या कुकरात वाटाणे घालून वेगळा. हे सगळं मला इतकं तपशिलात ठाऊक आहे, कारण मी दारात उभा राहून दरवेळी टीका करत असे. भात खाऊन झोप येते आणि या मैद्याच्या नळ्या खाऊन येत नाही, हे कुठलं शास्त्र, असं मी विचारायचो. वहिनी फोडणीवरून नजर न काढता सांगायच्या, "रवा हाय तो. पाकीट तुम्हीच वाचलंत."

दुसऱ्या वर्षी तोच संघ आपल्याकडे लावा म्हणून त्या यादीच्या मागे लागल्या आणि रुपेशची पोरं पुन्हा आली. मी पोरांसमोर मोठ्यानं म्हणालो, भात पिकवणाऱ्या माणसांनी हे इटलीचं खायचं म्हणजे कमाल झाली, मी तर शिवणार नाही. वहिनी हसल्या. त्यांनी स्टीलच्या एका ताटलीत डावभर पास्ता काढला, वर वाटी उपडी घातली आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून दिला. "भाऊजी, तुमचा झाकून ठेवलाय. मन झालं तर." मी म्हटलं, होणार नाही.

पावणेचारला सगळे मैदानाकडे गेले. कुलूप लावून येतो म्हणून मी मागे राहिलो... आणि झालं. उभ्यानं, चमच्यानं, चार मिनिटांत. आमसुलाचा आंबटपणा, सुकटीचा खमंगपणा, आणि त्या नळ्यांच्या आत शिरलेला मसाला. इतकं चांगलं काही मी त्या वर्षात खाल्लं नव्हतं. मग ताटली धुतली, पुसली, फळीवर जागच्या जागी ठेवली. वहिनींनी विचारलं तेव्हा म्हटलं, शेजारच्या गाईला घातला. "गाय सुखी हाय बिचारी," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर दरवर्षी हेच. त्या झाकून ठेवायच्या, मी सगळ्यांसमोर नाक मुरडायचो, मागे राहायचो, खायचो, धुवायचो. ताकाला तूर लागू दिली नाही, याचा मला केवढा अभिमान! एकदा तरी समोर बसून मागून घ्यायला हवा होता. एवढी एक गोष्ट मला खरंच बोचते.

सामन्याला वहिनी पाट घेऊन यायच्या. आरडाओरडा कधी नाही, पण बोनस रेषेवर कुणाचा पाय पडला आणि कुणाचा नाही हे त्यांना पंचांच्या आधी दिसायचं. एका वर्षी उपांत्य सामन्यात त्यांचा संघ नेमका आमच्या गावाविरुद्ध आला. आळीतली माणसं त्यांच्याकडे बघत होती. वहिनींनी पाट उचलला आणि मध्यरेषेच्या समोर नेऊन ठेवला, दोन्हीकडे टाळ्या वाजवल्या. गाव हरलं. आमच्या स्पर्धेचे अध्यक्ष चिडून म्हणाले की वहिनी, तुम्ही पास्ता घालून त्यांना जिंकवलंत. त्या पाट झटकत म्हणाल्या, "जेवायला घातलंय मी त्यांना. त्यांनी हरावं म्हणून घालतं का कोण?" पुढच्या वर्षी अध्यक्ष स्वतःच पास्ता खायला हजर होते.

यंदा यादी करायची वेळ आली तेव्हा अध्यक्ष मुद्दाम घरी आले. म्हणाले, दुःखाचं घर आहे, संघ दुसरीकडे लावू, कुणी नावं ठेवणार नाही. माणूस प्रेमानं बोलत होता. पण मी नाव लिहून ठेवलं होतं, पेनानं. दादाकडे बघितलं, तर तो फ्रीजवरची पाकिटं मोजत होता. तो म्हणाला, "दोन पाकिटं अजून लागतील."

गेल्या रविवारी आम्ही दोघे म्हातारे पहाटे स्वयंपाकघरात उभे होतो. दादा कांदा सोलत होता. डोळे पुसत होता ते कांद्यामुळे की कशामुळे, मी विचारलं नाही. पहिला अडथळा कुकरच्या रबरी रिंगचा. झाकण हातात आणि रिंग कुठेच नाही. सगळे डबे उघडून झाले. शेवटी दादानं फ्रीजरमधून ती काढली, बोंबलाच्या डब्याखालून. ढिली पडू नये म्हणून वहिनी ती तिथे ठेवायच्या. ती गार रिंग हातात घेतली आणि आम्ही दोघेही हसत सुटलो. सात आठवड्यांत पहिल्यांदाच. पोरं वेळेवर आली. रुपेश आता त्यांचा प्रशिक्षक आहे, पोट थोडं सुटलंय. वहिनींच्या फोटोसमोर उभा राहून आत आला आणि म्हणाला, "काका, जमंल ना?" मी म्हटलं, नऊ वर्षं दारात उभा राहून शिकलोय. कांदा, लसूण, मसाला, आमसूल, सुकट. पाणी डोक्याइतकं. एक शिट्टी. पळीच्या दांड्यानं वाफ सोडताना हात भाजला, पण झाकण उघडलं आणि नळ्या अख्ख्या होत्या. रुपेशनं पहिला घास घेतला. "मीठ काकींच्या हातचं न्हाय," तो म्हणाला. मग दुसरा घास घेत, "पण पाणी बराबर हाय." पोरांनी दोन्ही कुकर रिकामे केले, तेव्हा आम्ही मोठा कुकर पुन्हा लावला.

पोरं निघाली तेव्हा दादानं फळीवरची तीच ताटली घेतली, डावभर पास्ता काढला, वर वाटी उपडी घातली. "तू खाऊन ये," माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी पुढं होतो." म्हणजे यालाही माहीत होतं! मी पहिल्यांदाच बसून खाल्ला, घाई न करता. मग ताटली धुवायला घेतली. नेहमी मी वरची बाजू घाईघाईत घासायचो, पावलं वाजतील या धास्तीनं. आज परत येऊन मला पकडणारं कुणी नव्हतं. म्हणून नीट घासायला ती उलटी केली. आमच्याकडे भांड्यांवर नावं कोरून घेतात. या ताटलीवर मागच्या बाजूनं कोरलं होतं. अक्षरांच्या खाचांत कित्येक वर्षांचं तेल बसलेलं, अंगठ्यानं घासलं तेव्हा वाचता आलं. "भाऊजी, कुकरमध्ये अजून आहे."

नळ तसाच वाहत होता. केव्हा कोरून घेतलं असेल, किती वर्षं ती धुतलेली ताटली उलटी करून, मागचं तेल बघून, हसत तशीच फळीवर ठेवली असेल... आणि मला एकदाही म्हणाल्या नाहीत. मी नळ बंद केला, हात पुसले आणि कुकरचं झाकण उचललं. होता, दोन डाव. सगळा ताटलीत घेतला, वहिनींचा पाट काखोटीला मारला, घराला कुलूप न लावताच मैदानावर गेलो. आमच्या पोरांच्या मागे पाट टाकला आणि अख्ख्या गावासमोर बसून खाल्ला.